मयताच्या लाकडाला पास लागत नाही

ते प्रकरण मी विसरलेले नाही, आणि कोणी विसर म्हटलं तरी विसरणार नाही.

पोलिसांच्या आठवणी म्हटल्या की वाचकाला खून लागतो, दरोडा लागतो, निदान एखादी घरफोडी तरी. माझ्या प्रकरणातला मुद्देमाल म्हणजे बोटाएवढी एक पांढरी अळी होती. हसा खुशाल. आमच्या ठाण्यातही सगळे हसले होते.

आठ वर्षं मी खात्यात उपनिरीक्षक होते. निवृत्तीचं वय व्हायला खूप अवकाश होता, पण मीच राजीनामा देऊन मोकळी झाले. आता गावोगाव फिरून पत्रकं वाटते, बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहून बोलते. माझ्या पत्रकाचा मथळा एकच: 'इथलं सरपण इथंच जाळा.' तो कुठून आला ते सांगते. नावं कोणाचीच देणार नाही.

आमचं ठाणं सातपुड्याच्या पायथ्याशी होतं. उत्तरेला थोड्याच अंतरावर राज्याची सीमा, पलीकडे मध्य प्रदेश. सीमेवर पोलीस आणि वनविभाग यांचा मिळून एक नाका. त्या वर्षी पलीकडच्या रानात भिरूड माजला होता. भिरूड म्हणजे सालीत अंडी घालणारा आणि खोड आतून पोखरणारा किडा. आपल्याकडे तो नवा नाही. एखाद्या आंब्याला लागतो, शेतकरी भोकात तार घालून अळी ओढून काढतो. पण तिकडे उभी झाडं रांगेनं वाळली होती, आणि वाळलेलं झाड म्हणजे सरपण. सरपण मुबलक झालं की ते ट्रॉलीत बसतं आणि रस्त्याला लागतं. अळीला त्यासाठी पाय लागत नाहीत. म्हणून आदेश निघाला: साल न काढलेलं लाकूड परवान्याशिवाय सीमेच्या आत आणायचं नाही.

आदेश बरोबर होता. लोकांना तो कळवण्याची रीत मात्र लाज वाटावी अशी होती. 'प्रादुर्भावग्रस्त काष्ठाची आंतरराज्यीय वाहतूक' असल्या भाषेत, बारीक अक्षरांत दोन पानं. ती तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर चिकटवली आणि आठवड्याभरात त्यावर दुसरी कसली तरी जाहिरात चिकटवली. झाली जनजागृती.

मे महिन्याची सकाळ होती. मी हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होते. सत्तरी ओलांडलेले एक आबा आत आले, खुर्चीवर न बसता टेबलाशी आले आणि तंबाखूची डबी उघडून माझ्यापुढे ठेवली. आत अळी वळवळत होती.

"बाई, हाऊ मुद्देमाल," आबा म्हणाले. "आते आरोपी तुम्ही धरा."

आमचे हवालदार पारोळ्याचे. नोकरीची तीन वर्षं उरलेली आणि जिभेला हाड नाही. ते वाकून म्हणाले, "आबा, आरोपी तर डबीतच आहे. बेडी कुठं घालू? पुढून की मागून?"

"तुले हसू येस, दादा," आबा म्हणाले. "मनी आमराई मरी ऱ्हायनी."

हवालदारांनी डबीचं झाकण लावलं. मीही डायरी मिटली.

आबांची आमराई नदीकाठी. बत्तीस झाडं, वडिलांनी लावलेली. मागच्या पावसाळ्यानंतर बुंध्याशी भुसा पडू लागला, मग फांद्या वाळल्या, यंदा मोहोरच धरला नाही. आणि हे कोणी केलं याबद्दल आबांच्या मनात शंका नव्हती. सख्खा पुतण्या. त्याचा ट्रॅक्टर. "तो सीमापार जास, लाकडं आनस. जमिनना दावा हारना तो मनासंगे. म्हनीसन ही कीड आनी टाकी."

पुतण्यानं किडे पाळून आमराईत सोडले, ही गोष्ट मला पटली नाही. पण तो सीमेपलीकडून लाकूड आणतो, ही पटली. मी वनपालांना घेऊन आमराईत गेले. ते एकेका झाडाला हात लावत फिरले आणि चौदा झाडांवर खडूनं खूण केली.

"अजून बाहेर पडले नाहीत," ते म्हणाले. "जमीन ओली झाली की भुंगे निघतात, उडतात, पुढच्या झाडावर अंडी घालतात. या झाडांत आहेत त्या अळ्या आपण काढू. पण हे जिथून आले तो साठा जवळच कुठंतरी आहे, आणि तो सापडला नाही तर यंदा उरलेली अठराही जातील. मग पुढची गावं. खाली सगळ्या शेतांच्या बांधांवर आंबेच आहेत."

"किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"पंधरा. आभाळ लवकर आलं तर दहा."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. सकाळी उठलं की आधी पश्चिमेकडे बघायचं. ढगाचा पिंजल्या कापसाएवढा पुंजका दिसला तरी वनपालांना फोन. चोर असता तर तो पळेल, पकडता येईल, अशी आशा असते. इथं कोणी पळत नव्हतं. कुठंतरी लाकडाच्या आत बसून शांतपणे खात होतं.

मी नाक्याची नोंदवही मागवली. केळीच्या गाड्या, कांद्याच्या गाड्या, वऱ्हाडाच्या जीप, सगळ्यांचे नंबर होते. सरपणाच्या गाड्या अडवल्याच्या नोंदीही होत्या, त्यात पुतण्या नव्हता. मात्र वर्षभरात पाच ठिकाणी त्याच्या ट्रॅक्टरचा नंबर आणि पुढे एकच शब्द होता: 'मयत'.

"हे काय आहे?" मी हवालदारांना विचारलं. तीन वेळा नाक्यावर तेच होते.

"मॅडम, मयताची लाकडं. ट्रॉलीला पुढं पांढरं फडकं बांधलेलं असतं. आपण टोपी काढायची आणि बांबू वर करायचा."

"फडक्याला तुम्ही पास समजता?"

"मयताच्या लाकडाला पास लागत नाही, मॅडम."

"कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. म्हणून तर कोणी मोडत नाही."

मला संताप आला. खरं सांगते, आनंदही झाला. मला वाटलं, सापडला. एक पांढरं फडकं बांधायचं आणि बंदी घातलेला माल आत आणायचा, पोलिसांनी वर नमस्कार करायचा! मी त्याच दिवशी ट्रॅक्टर ताब्यात घेतला, पंचनामा केला आणि पुतण्याला चौकशीला बोलावून घेतलं.

चाळिशीचा माणूस, हाताला ग्रीस. माझा नियम असा, की आधी पाणी द्यायचं आणि मग बराच वेळ काही विचारायचं नाही. खोटं बोलणारा माणूस ती शांतता भरून काढतो, तपशील वाढवत नेतो. हा बसून राहिला.

"सीमेपलीकडून लाकूड आणतोस?"

"आनस."

"बंदी आहे, माहीत आहे?"

"धंदाले बंदी शे. मी धंदा करस नही. मयतना लाकडं शेत त्या."

"पास कुठाय?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "मॅडम, मानूस परवाना लिसन मरस का?"

दारात उभे असलेले हवालदार खोकले. मी त्यांना बाहेर पाठवलं.

सीमेपलीकडच्या गावात त्याची सासुरवाडी. तिथून लाकूड तासाभरात मिळतं. इकडे तालुक्याच्या वखारीतून आणायचं तर अर्धा दिवस जातो. उन्हाळ्यात मढं अर्धा दिवस थांबत नाही. त्याचं सगळं बोलणं इतकंच. मी दिवसभर फिरवून फिरवून विचारलं, त्यानं एक शब्द वाढवला नाही. ती खूण मला ओळखू यायला हवी होती. पण आरोपी आधी ठरला असला की तपास त्याच्याभोवतीच फिरतो. मी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, ट्रॅक्टर सोडला नाही, आणि गावात बातमी पसरली की याला लाकूडचोरीत धरला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेले आणि मृत्यूची नोंदवही काढायला लावली. माझा हिशेब सरळ होता. मयताच्या पाच गाड्या आल्या, माणसं मेली असतील दोन. उरलेल्या तीन गाड्या म्हणजे माझा खटला.

माणसं पाच मेली होती. तारखा जुळत होत्या. एक म्हातारी तर पहाटे गेलेली आणि ट्रॅक्टर सकाळी नऊला नाक्यावर.

ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, पाणी देऊ का?"

मी नको म्हटलं. एका निर्दोष माणसाला मी गावापुढं चोर केलं होतं, चार दिवस गेले होते, आणि पश्चिमेला आभाळ धुरकटलं होतं.

ट्रॅक्टर परत द्यायला मी त्याला ठाण्यात बोलावलं. माफी मागितली नाही. खात्यात ते शिकवत नाहीत. मुद्देमाल मिळाल्याची पावती लिहून होईपर्यंत तो समोर उभा होता आणि मी केवळ अस्वस्थ होऊन, काही ठरवून नव्हे, विचारलं, "एका मयताला लाकूड किती लागतं?"

"अर्धी ट्रॉली. पावसाळामा जराशी जास्ती."

"मग पूर्ण ट्रॉली भरून का आणतोस?"

त्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू मी त्याच्या आईबद्दल काहीतरी वाईट बोलले होते. "मयतले मोजीसन लाकूड आनतस का, मॅडम? गाव काय म्हनी? बापले जाळाले कंजूशी करी, आसं म्हनी."

"आणि उरलेलं?"

"तठेच."

"तिथंच म्हणजे?"

"मसानमा. तठलं लाकूड घर आनतस नही. चूल्हामा लावतस नही. तठेच पडस."

माझ्या हातातलं पेन थांबलं. वर्षभरात पाच ट्रॉल्या. प्रत्येकीतली अर्धी उरलेली. कोणी तिला हात लावत नाही, कोणी जाळत नाही, पुढच्या मयताला जुनी उरलेली लाकडं वापरत नाहीत, कारण ती दुसऱ्याच्या नावाची. आणि गावाची स्मशानभूमी नदीकाठी, आबांच्या आमराईच्या कुंपणाला लागून.

आम्ही तसेच गेलो. मी, वनपाल, हवालदार आणि पुतण्या. स्मशानातल्या शेडच्या मागं छातीएवढा ढीग होता. ओंडक्यांची साल बोटानं उचलली तरी सुटून येत होती, खाली पिठासारखा भुसा. वनपाल म्हणाले, "कान लावा."

मी एका ओंडक्याला कान लावला. भर दुपारी, आत, कर्र कर्र कर्र. एकच नव्हे, कितीतरी. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. हातात शस्त्र असलेल्या माणसापुढं उभी राहिले आहे, पण त्याला निदान बोलता येतं.

पुतण्यानंही कान लावला. मग तो सरळ झाला. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला आणि तोंड पुसलं. आपण काकाची आमराई खरंच मारली, हे त्याला तिथं कळलं.

आता वाटेल, काम संपलं. काडी लावायची. इथंच खरी अडचण होती. वनपालांचे मजूर ढीग बघून मागं सरले. हवालदार म्हणाले, "मॅडम, मी इथं पहारा देतो. काडी मी लावणार नाही." गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच. शेवटी एक अक्का कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "मढं नही आनि मसानमा आग लावतस? पुढलं मढं कोना घरनं पाहिजे तुमले?"

मी लेखी परवानगी मागवली. वरून उत्तर आलं की पत्र विचाराधीन आहे. भुंगे काय, पत्राची वाट बघणार होते? दोन दिवस त्यात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या डोंगरावर वीज चमकली.

मी भडगावच्या बौद्ध घरातली. मढ्यावाचून आग लावली तर मृत्यू दार विचारत येतो, असलं आमच्या घरात कोणी मानत नाही. मी रॉकेलचा डबा घेतला आणि गेले. अर्धं गाव स्मशानाजवळच्या ओढ्यापलीकडे उभं होतं. मी डबा उघडला तेव्हा मागून आबा आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पोलिसाचं मनगट.

"तू नको, पोरी."

"आबा, तुमचीच आमराई आहे ही."

"म्हनीसन सांगस. तू आग लावशी, बदली व्हई, निघी जाशी. आठे कोनी मरनं ते गाव म्हनी, पोलिसनी करं. मंग तुना कायदा कोन्ही आयकनार नही. गावना मानूसनीच लावाले पाहिजे."

पुतण्या पुढं झाला. "मी लावस, काका. मीच आनेल शेत."

"तुना घरमा लहान पोऱ्या शेत," आबा म्हणाले. मग ओढ्याकडे वळून त्यांनी अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "कोनं नाव लागत व्हई ते मनं लावा! सत्तर पार करी बसनू मी. मरन मनं काय लइ जाई?"

आणि त्यांनी काडी लावली. वाळलेली साल भसकन पेटली. ओंडके फुटत होते, प्रत्येक आवाजाला ओढ्यापलीकडचे लोक दचकत होते. ढीग संध्याकाळपर्यंत जळला. पाऊस दोन दिवसांनी आला.

माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथं संपायला हवं होतं. पण खूण केलेल्या चौदा झाडांपैकी अकरा वाचण्यापलीकडे गेली होती. ती ढीग विझायच्या आतच पाडायला घेतली. आदेश स्पष्ट होता: लागण झालेलं लाकूड जागच्या जागी, लगेच जाळायचं. शेवटचं झाड पडलं तेव्हा आबा माझ्याकडे आले. या वेळी ते हलक्या आवाजात बोलले.

"हाई झाड मना बापनी पहिलं लावं. याना लाकडं ठेव, पोरी. विकाले नही. मनासाठे. मी गयू का याज लाकडंवर ठेवतीन माले."

मी पंचनाम्याचा कागद हातात घेऊन उभी होते. साल काढून ठेवता येईल का, असं मी वनपालांना डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी मान हलवली. कीड आत गाभ्यापर्यंत होती.

"नाही ठेवता येणार, आबा," मी म्हणाले.

"तू मानूस शे का कागद?"

मी कागद घडी करून खिशात घातला. आबांनी स्वतः वाकून एक ओंडका उचलला आणि आगीत नेऊन टाकला. पुतण्या धावत गेला आणि त्यांच्या हातातला दुसरा काढून घेतला. त्या दोघांनी मिळून ते झाड जाळलं. जमिनीच्या दाव्यानंतर त्यांना एकत्र काही करताना गावानं पहिल्यांदा बघितलं, असं हवालदार म्हणाले. आणि त्यांनी त्यावर विनोद केला नाही.

त्या वर्षी गावात कोणी मेलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. दोघं गेले, म्हातारपणानं. अक्कांनी मला बाजारात गाठून ते ऐकवलंही. पण उरलेल्या एकवीस झाडांना भुसा दिसला नाही.

दोन वर्षांनी, मी नोकरी सोडल्यावर, पुतण्याचा फोन आला. आबा गेले होते. मी पोचले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं आणि मढं ओसरीवर होतं. लाकूड गावच्याच बांधावरच्या बाभळीचं, अर्धी ट्रॉली, मोजून आणलेलं. आणि पंचवीसेक माणसं खाली बसून कोयत्यांनी, विळ्यांनी ओंडक्यांची साल सोलत होती. आपल्याच बांधाच्या लाकडाला हे लागत नाही. आदेशात ते कुठंच नव्हतं. मी तसं म्हटलंही.

अक्का सोललेली साल सुपात गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लागस नही, मालूम शे. पन आबाले आवडनं असतं."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. हे शिकवलं: नियम करणाऱ्यांना किड्याची सगळी माहिती होती. किडा किती दिवसांत निघतो, किती लांब उडतो, सगळी. उरलेल्या लाकडाचं तुम्ही काय करता, एवढंच त्यांनी कोणाला विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. एका निर्दोष माणसाला दिवसभर बसवून ठेवल्यावर, चुकून विचारलं. लोक नियम पाळत नाहीत, अशी ओरड मी रोज ऐकते आणि ऐकून चिडते. लोक पाळत असलेले नियम आधी जाऊन बघा.

कोणीतरी माझ्यापुढं एक कोयता सरकवला. मी खाली बसले आणि साल काढू लागले.